पाठीवरचा पंप का झिजतो?

विद्यार्थी मित्रांनो, श्रावणातली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पुसद आणि उमरखेडच्या शेजारी, महागाव हा तालुका आहे. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा मोठा रस्ता या गावावरून जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीची शिवारे पसरलेली आहेत आणि त्यांत पऱ्हाटी कमरेएवढी वाढली आहे. पावसाने थोडी उघडीप दिली की शिवारात दोन आवाज ऐकू येऊ लागतात. एक हाताने मारायच्या पंपाचा 'खट् खट्', तर दुसरा बॅटरीवरच्या पंपाचा 'घर्र'. फवारणी सुरू झालेली असते.

आता फवारणी करणाऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहा. टाकीच्या खाली सदऱ्यावर एक ओला डाग दिसतो. घाम असेल, असे म्हणून आपण पुढे जातो. पण तो डाग घामाचा नसेल तर? टाकीतले औषधच जर थेंबाथेंबाने पाझरत असेल तर?

हा प्रश्न उगीच विचारलेला नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने या प्रकाराच्या तपासासाठी खास पथक नेमले. या दुर्घटनेचे कारण एकच नव्हते. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. हातमोजे आणि तोंडावरची पट्टी बहुतेकांजवळ नव्हती. काही पंपांतून निघणाऱ्या फार बारीक तुषारांविषयीही तेव्हा बरीच चर्चा झाली.

या सगळ्या गोष्टींवर एका लेखात उपाय सांगता येणार नाही. पण एक दार असे आहे, की ते आपल्याला स्वतः बंद करता येते. ते म्हणजे झिजलेला, गळका पंप. पंप का झिजतो हे एकदा नीट कळले, की तो झिजू नये म्हणून काय करायचे हेही आपोआप कळते. चला तर, पंपाच्या पोटात डोकावून पाहू.

पंपाच्या पोटात

हाताने चालवायच्या पंपात एक नळकांडे असते आणि त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या असतो. दट्ट्याला वॉशर बसवलेला असतो. दट्ट्या मागे ओढला, की नळकांड्यातला दाब कमी होतो, खालची झडप उघडते आणि टाकीतले पाणी आत येते. दट्ट्या पुढे ढकलला, की खालची झडप मिटते, वरची उघडते आणि पाणी दाबाच्या कोठडीत जाते. तिथे अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि दोन हिसक्यांच्या मधल्या वेळातही पाणी सारखे बाहेर ढकलत राहते. म्हणून तर हात खालीवर होत असला तरी फवारा तुटत नाही.

बॅटरीच्या पंपात दट्ट्या नसतो. त्यात १२ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर असते. तिच्या आसावर एक तिरकी तबकडी डुलत फिरते आणि ती रबराच्या एका पडद्याला मागेपुढे हलवते. पडदा मागे गेला की पाणी आत, पुढे आला की पाणी बाहेर. तुमची छाती जशी श्वास घेते आणि सोडते, तसेच हे आहे. इथेही आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी दोन वेगळ्या झडपा असतात. शिवाय दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की मोटर बंद करणारे एक बटण असते.

म्हणजे पंप कोणताही असो, त्याची सारी भिस्त तीन गोष्टींवर असते : वॉशर किंवा पडदा, दोन झडपा, आणि शेवटी फवारा पाडणारे नोझल. झीज होते ती याच ठिकाणी. आता या झिजेचे चार शत्रू एकेक करून पाहू.

पहिला शत्रू : पाण्यातली रेती

पावसाळ्यात फवारणीचे पाणी बहुधा जवळच्या नाल्यातून किंवा विहिरीतून घेतले जाते. ते गढूळ असते. महागावची काळी माती ही बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात अतिसूक्ष्म चिकणमाती तर असतेच, पण खडकातल्या खनिजांचे बारीक कणही असतात.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोहस याने १८१२ साली पदार्थांच्या कठीणपणाची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात सर्वांत मऊ संगजिऱ्याला १, तर हिऱ्याला १० गुण आहेत. नियम सोपा आहे : जास्त गुणांचा पदार्थ कमी गुणांच्या पदार्थावर ओरखडा काढतो. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाचे गुण सुमारे ६ आहेत, आणि वाळूतल्या गारेचे ७. आणि पितळेचे? जेमतेम ३ ते ४. पितळी नोझलमधून आणि पितळी नळकांड्यातून ही रेती गेली, तर कोण कोणाला खरवडील हे वेगळे सांगायला नको.

आता वेग पाहा. पंपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम धरला, तर नोझलच्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे २४ मीटर वेगाने बाहेर पडते. ताशी हिशेब केला तर हा वेग ८६ किलोमीटर होतो. रस्त्यावरून जाणारी एस. टी.ची गाडीही एवढ्या वेगाने धावत नाही! या वेगाने सुटलेले कठीण कण दिवसभर एका मिलिमीटरएवढ्या भोकाच्या कडा घासत राहिले, तर भोक मोठे होणारच. म्हणूनच पितळेपेक्षा पोलादाचे नोझल जास्त टिकते आणि चिनी मातीसारख्या भाजलेल्या कठीण पदार्थाचे त्याहूनही जास्त.

पडद्याच्या पंपात एकमेकांवर घासणारे भाग कमी असतात, म्हणून रेतीचा त्रास तिथे वेगळ्या प्रकारे होतो. झडपेच्या आणि तिच्या बैठकीच्या मध्ये एखादा कण अडकला, की झडप पुरती मिटत नाही. पुढे ढकललेले पाणी त्या फटीतून मागे येते. मोटर तर फिरते आहे, पण दाब चढत नाही, असा प्रकार दिसला तर आधी मोटरला दोष देऊ नका. झडपेत कचरा अडकला असण्याचा संभव मोठा आहे.

करून पाहा : बादली किती वेळ ठेवायची?

एका उंच काचेच्या बरणीत साधे पाणी घ्या. त्यात मूठभर शेतातली माती टाका, ढवळा आणि घड्याळ घेऊन बसा. जाड रेती लगेच तळाशी बसेल. त्यानंतर बारीक पोयटा हळूहळू खाली येईल. पण पाण्याचा काळसर गढूळपणा मात्र तासन् तास तसाच राहील.

असे का होते? ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स याने १८५१ साली याचा नियम मांडला. शांत पाण्यात बारीक कण ज्या वेगाने खाली बसतो, तो वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट लहान असेल, तर तो शंभरपट सावकाश बसतो. ३० सेंटिमीटर खोल पाण्यात ०.१ मिलिमीटरचा कण तळ गाठायला अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आसपास घेतो. ०.०२ मिलिमीटरच्या कणाला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ एक दिवस!

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. पंपाला ओरबाडणारी रेती आणि पोयटा अर्ध्या तासात खाली बसतो. म्हणून बादलीभर पाणी आणल्याबरोबर टाकीत ओतू नये. ते अर्धा तास स्थिर ठेवावे आणि वरचे पाणी हळूच काढून घ्यावे. तळाचे चार बोटे पाणी बादलीतच राहू द्यावे. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

उरलेला कचरा अडवण्यासाठी गाळणी असते. टाकीच्या तोंडाशी एक जाळी असते, पंपाच्या आधी दुसरी आणि नोझलच्या मागे तिसरी. एका इंचात ५० छिद्रे असलेल्या जाळीतून सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा मोठा कण जात नाही. १०० छिद्रांच्या जाळीतून सुमारे ०.१५ मिलिमीटरपेक्षा मोठा जात नाही. ओतायला वेळ लागतो म्हणून टाकीची जाळी काढून ठेवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांनी वाचवलेली दोन मिनिटे पुढे नोझल तुंबल्यावर दहापटीने वसूल होतात.

दुसरा शत्रू : कोरडे चालणे

पाणी ही पंपाची वस्तू वाहून नेण्याची गोष्ट आहे, हे खरे. पण तेच पंपाचे वंगणही आहे. वॉशर आणि नळकांडे यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते सहज सरकतात. टाकी रिकामी झाल्यावरही पंप मारत राहिले, तर तो थर जातो, कोरडे घर्षण सुरू होते, उष्णता निर्माण होते आणि वॉशरची कड जळाल्यासारखी होते. विहिरीवरच्या मोठ्या पंपाचेही असेच आहे. पाणी नसताना तो फिरत राहिला, तर त्याच्या आसाभोवतीचे पाणी अडवणारे सील तापून खराब होते. पडद्याचा पंप थोडा वेळ कोरडा चालून घेतो, पण म्हणून त्याची परीक्षा पाहू नये. टाकीत पाणी संपले, की बटण बंद. हा नियम कायम लक्षात ठेवावा.

तिसरा शत्रू : दाबाचे धक्के

बॅटरीच्या पंपाची दांडी मिटली, की पाणी जायला वाट राहत नाही. दाब चढतो आणि बटण मोटर बंद करते. दांडी उघडली, की दाब उतरतो आणि मोटर पुन्हा सुरू होते. यात वावगे काही नाही. पण एखाद्या जोडातून थोडे थोडे पाणी गळत असेल, किंवा नोझल अर्धवट तुंबले असेल, तर काय होईल? दाब क्षणात चढेल, क्षणात उतरेल आणि मोटर 'टक्-टक्-टक्' करीत सारखी बंद-चालू होत राहील. प्रत्येक वेळी पडद्याला धक्का बसतो आणि बटणाच्या आत ठिणगी पडते. असा आवाज ऐकू आला, तर ती पंपाची तक्रार समजावी आणि आधी गळती शोधावी.

चौथा शत्रू : आत राहिलेले औषध

पुष्कळ कीटकनाशके तेलासारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. पाण्यात टाकली की त्यांचे दुधासारखे पांढरे मिश्रण होते. हे द्रावक रबराचे वैरी आहेत. सायकलच्या ट्यूबवर रॉकेल सांडले तर ती फुगते आणि मऊ पडते, हे तुम्ही कदाचित पाहिले असेल. रबराच्या लांब साखळ्यांमध्ये द्रावकाचे रेणू शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. रात्रभर औषध पंपात राहिले, तर वॉशर आणि पडदा यांचेही असेच होते. शिवाय पाणी उडून गेले, की विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आणि औषधाची साय झडपांवर वाळून बसते. पुढच्या हंगामात पंप काढला, तर झडपा चिकटलेल्या असतात.

म्हणून रोज काम संपल्यावर पंप धुतला पाहिजे. पण किती पाण्याने? इथे एक मजेदार गणित आहे.

समजा, टाकीत आणि नळीत ३०० मिलिलिटर औषधाचे पाणी उरले आहे आणि तुमच्याजवळ धुण्यासाठी ६ लिटर स्वच्छ पाणी आहे. सगळे पाणी एकदम ओतून, हलवून काढून टाकले, तर आत राहिलेल्या ३०० मिलिलिटरमधल्या औषधाची तीव्रता मूळच्या एकविसाव्या भागाएवढी होते. आता तेच ६ लिटर पाणी २-२ लिटर असे तीन वेळा वापरा. पहिल्या वेळी तीव्रता ०.३ भागिले २.३ इतकी, म्हणजे साडेसातव्या भागाच्या आसपास होते. दुसऱ्या वेळी त्याचाही तितकाच भाग, तिसऱ्या वेळी आणखी तितकाच. शेवटी राहते सुमारे साडेचारशेवा भाग! पाणी तेच, कष्टही जवळजवळ तेवढेच. पण पंप वीसपटींहून अधिक स्वच्छ. धुताना पंप चालवून पाणी नळीतून आणि नोझलमधूनही जाऊ द्यावे. हे धुवण मात्र नाल्यात किंवा विहिरीजवळ कधीही टाकू नये. ज्या पिकावर फवारणी केली त्याच पिकावर ते फवारून टाकावे.

नोझल झिजले हे कसे ओळखावे?

डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. भोकाचा व्यास १ मिलिमीटरचा १.१ मिलिमीटर झाला, तर कोणाला दिसणार? पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१. त्याच दाबाने आता २१ टक्के जास्त पाणी बाहेर पडेल. नव्या नोझलने एकराला १० टाक्या लागत असतील, तर झिजलेल्या नोझलने त्याच चालीने चालून १२ टाक्या लागतील. पैसे वाया, औषध वाया, आणि शेतात व माणसाच्या अंगावर विष अधिक.

याची परीक्षा सोपी आहे. पंप स्वच्छ धुऊन त्यात साधे पाणी भरतात. नवे नोझल लावून एक मिनिटात किती पाणी पडते ते मापात मोजतात. मग जुने नोझल लावून पुन्हा मोजतात. जुन्याचे पाणी दहा टक्क्यांहून जास्त भरले, तर ते नोझल बदलायला झाले. उदाहरणार्थ, नव्याचे ६०० मिलिलिटर आणि जुन्याचे ६६० पेक्षा जास्त.

आणि नोझल तुंबले तर? काही लोक ते तोंडात धरून फुंकतात, काही जण टाचणी किंवा तार घालतात. फुंकणे म्हणजे विष ओठांना लावणे. तार घालणे म्हणजे रेतीने महिन्याभरात केली असती ती झीज एका क्षणात करणे. योग्य उपाय एकच : हातमोजे घालून नोझल काढावे, स्वच्छ पाण्यात बुडवावे आणि मऊ ब्रशने साफ करावे.

तुंबणाऱ्या नोझलचे हे दुखणे फार जुने आहे. १८८५च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्डे या शास्त्रज्ञाने द्राक्षाच्या रोगावर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शोधून काढले. तेच बोर्डो मिश्रण आजही आपल्याकडे द्राक्षांवर आणि संत्र्यांवर वापरतात. ते फवारण्यासाठी पाठीवरचे पंप बनवणाऱ्यांत व्हर्मोरेल हा फ्रेंच कारखानदार पुढे होता. चुन्याचे कण नोझलमध्ये अडकत, म्हणून चुना गाळून घेण्याची शिस्त तेव्हापासूनच पडली.

शहरातला भाऊबंद

मुंबई-पुण्याला उंच काचेच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. त्या काचा धुणारे काही कामगार लांब दांडीच्या टोकाला ब्रश लावतात आणि त्या ब्रशपर्यंत नळीने पाणी चढवतात. ते पाणी चढवणारा पंप कोणता? तोच, बहुधा १२ व्होल्टचा, रबरी पडद्याचा छोटा पंप! महागावच्या पऱ्हाटीत चालणारा आणि शहरातल्या काचेवर चालणारा हे दोघे सख्खे भाऊ आहेत. फरक पाण्याचा आहे. काचेवर क्षाराचे डाग पडू नयेत म्हणून ते लोक पाण्यातले विरघळलेले क्षारसुद्धा काढून टाकतात. इतके शुद्ध पाणी आपल्या शेतात कोठून आणणार? पण पंपाच्या आधी गाळणी, कोरडे न चालवणे, गळती वेळेवर थांबवणे आणि काम झाल्यावर पाणी काढून ठेवणे, हे नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत.

तुम्ही काय कराल?

मित्रांनो, एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. औषधाच्या पंपाला तुम्ही हात लावायचा नाही, तो पाठीवर घ्यायचा नाही आणि फवारणी चालू असताना त्या वावरात जायचे नाही. कीटकनाशक कातडीतूनही शरीरात शिरते. तुमचे काम वेगळे आहे. बरणीतला मातीचा प्रयोग करा आणि तो घरी दाखवा. तीन वेळा धुण्याचे गणित वडिलांना किंवा काकांना वहीवर मांडून दाखवा. फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांना आठवण करा, की पंपात साधे पाणी भरून तो जमिनीवर ठेवून एकदा चालवून पाहावा. कुठल्याही जोडाशी थेंब दिसला, तर वॉशर बदलल्याशिवाय तो पंप पाठीवर घेऊ नये.

वॉशरची किंमत चहाच्या एक-दोन कपांएवढी असते. हंगाम संपल्यावर पंप धुऊन, पाणी निथळून, उन्हापासून दूर ठेवला, की पुढच्या आषाढात तो पुन्हा कामाला तयार असतो.

आता पुढच्या वेळी वावरातून परतणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर ओला डाग दिसला, तर घाम असेल म्हणून पुढे जाऊ नका. थांबून विचारा, "काका, पंप गळतो का?" आणि गळत असेल, तर आधी सदरा बदलून अंग साबणाने धुवायला सांगा. पंपाचे मग पाहू.